जुना ट्रॅक्टर आणि घरगुती विंच

गडचिरोली व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत शेत कोठे संपते आणि जंगल कोठे सुरू होते, हे नकाशावर दाखविता येते. जमिनीवर दाखविणे कठीण जाते. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर साग उभा असतो, बोडीच्या पाळीवर मोह असतो, आणि नाल्याच्या काठी ऐन व धावडा. त्यामुळे येथील शेतकऱ्याचा हंगाम धान कापून संपत नाही. मळणी आटोपली, धान घरी आले, की लाकूडफाट्याचे दिवस सुरू होतात. कोणाला घराच्या मयालीसाठी लाकूड हवे असते, कोणाच्या मालकीच्या सागाला तोडीची परवानगी मिळालेली असते, कोणी कूपात मजुरीस जातो. यास्तव ओंडका ओढण्याचा प्रश्न हा केवळ वन खात्याचा प्रश्न होय, असे समजून कृषी कार्यकर्त्यांनी त्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे.

आजवर हा प्रश्न बैलांनी, हेल्यांनी आणि माणसांच्या खांद्यांनी सोडविला. सरकारी जंगलात हत्तींचीही मदत होती. अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे जी हत्ती छावणी आज लोक मुलाबाळांसह पाहावयास जातात, तेथील हत्ती पूर्वी लाकूड वाहण्याच्या कामी लावले जात. ते काम गेले. बैलही कमी होत चालले. त्यांच्या जागी गावात आला तो ट्रॅक्टर. आणि बहुतेक ठिकाणी नवा नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या हातचा, पस्तीस अश्वशक्तीच्या आसपासचा. अशा ट्रॅक्टरची टायरे झिजलेली असतात, चिखलणीत तो रुतून बसतो, पण इंजिन अद्याप धडधाकट असते. मग मालकाच्या मनात येते की, ह्याच्या पाठीमागे ओढीचा रहाट, म्हणजे विंच, बसविला तर लाकडाचे काम होईल. गावचा वेल्डिंगवाला मिस्त्री भंगारातून एखाद्या जीपचा मागला आस शोधून आणतो, जाड नळीचा ड्रम त्यास जोडतो, आणि आठवडाभरात यंत्र उभे राहते.

ह्या यंत्राविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, हा सारा जुगाड धोक्याचा आहे आणि अधिकाऱ्यांनी तो बंद पाडावा. दुसरे मत असे की, शेतकऱ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या यंत्राचे कौतुक करावे आणि त्यात नाक खुपसू नये. दोन्ही मते सोयीची आहेत; कारण दोहोंतही कोणास यंत्राजवळ वाकून पाहण्याचे श्रम पडत नाहीत. वास्तविक घरगुती विंच ही ह्या भागात गरजेची वस्तू आहे. तिच्यात बहुधा जो दोष राहतो तो ताकद कमी असण्याचा नसून ताकदीस मर्यादा नसण्याचा आहे.

प्रथम गरज पाहू. सागाचा एक ओंडका घ्या, लांबी तीन मीटर, घेरी एकशेवीस सेंटिमीटर. लाकडाच्या व्यापारातील घेरीच्या चतुर्थांशाच्या हिशेबाने तो ०.२७ घनमीटर भरतो. प्रत्यक्षात त्यात ०.३४ घनमीटर लाकूड असते. नुकताच तोडलेला असेल तर त्याचे वजन तीनशे किलोच्या वर जाते. उघड्या जमिनीवरून तो घसटत न्यावयाचा म्हणजे वजनाच्या निम्म्याहून अधिक ओढ लागते. दीडशे ते दोनशे किलो धरावी. बैलजोडी दिवसभर जी ओढ सोसू शकते ती तिच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. ह्या भागातील आटोपशीर बांध्याची जोडी साठ किलोची ओढ सतत देईल. मग उरलेली ओढ कोठून येते? ती हिसक्यांतून येते. बैल क्षणभर आपल्या शक्तीच्या कितीतरी पट जोर लावतो, गुडघ्यावर येतो, पुन्हा उठतो. चैत्र-वैशाखात असे काम केलेल्या बैलाचा खांदा सुजतो, खूर दुखावतो, आणि मृगाचा पाऊस पडला की तोच बैल नांगरास उभा राहत नाही. लाकडाची मजुरी मिळाली आणि रोवणी लांबली, असा हा व्यवहार आहे. बैलाला तक्रार अर्ज लिहिता येत नाही, म्हणून त्याची नोंद कोठल्याही वहीत सापडत नाही.

ट्रॅक्टरने ओंडका सरळ ओढून नेला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. सपाट पांदणीवर काही बिघडत नाही. परंतु ओंडका बहुधा पांदणीवर पडत नाही. तो नाल्याच्या उतारावर, दगडांमध्ये, झुडपांत पडतो. तेथपर्यंत ट्रॅक्टर न्यावयाचा म्हणजे रस्ता करावा लागतो, लहान रोपे चिरडतात, ओल्या जागी चाकोऱ्या पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच चाकोऱ्यांतून माती वाहून बांधीत येते. शिवाय उतारावर मागे भार घेऊन वळणारा ट्रॅक्टर कलंडतो. विंचचा सारा लाभ एवढाच की ट्रॅक्टर पक्क्या जागी उभा राहतो आणि दोर ओंडक्यापर्यंत जातो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड ह्या देशांत शेताबरोबर थोडे जंगल बाळगणारे शेतकरी हिवाळ्यात ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या विंचने आपले लाकूड काढतात. तेथील यंत्रे कारखान्यात तयार होतात व महाग असतात; पण त्यांची रचना गुप्त नाही, आणि ती समजून घेतल्यास गावच्या मिस्त्रीस न जमण्याजोगे तीत फार थोडे आहे.

आता त्या जीपच्या आसाकडे वळू. कारण बहुतेक घरगुती विंचांचे मर्म आणि दोष तेथेच आहेत. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो. बारा मिलिमीटरच्या तारदोरासाठी ड्रमचा व्यास चोवीस सेंटिमीटरच्या आसपास असावा. त्याहून बारीक ड्रमवर दोराच्या तारा वाकून वाकून तुटू लागतात. अशा ड्रमचा घेर पाऊण मीटर. तो पी.टी.ओ.स थेट जोडला तर दोर मिनिटाला चारशे मीटर ह्या वेगाने आत येईल. हे कोणी करीत नाही, म्हणून मध्ये जीपचा डिफरेन्शियल घालतात. त्यात फेरे सुमारे पाचास एक ह्या प्रमाणात कमी होतात, एवढे मिस्त्रीस ठाऊक असते. तो एका बाजूचे चाक वेल्डिंगने पक्के करतो आणि दुसऱ्या बाजूस ड्रम बसवितो. येथेच चूक होते. डिफरेन्शियलची एक बाजू अडविली की दुसरी बाजू दुप्पट वेगाने फिरते. चिखलात एक चाक रुतले असता दुसरे कसे भणभणते, हे प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने पाहिलेले आहे. तोच हा प्रकार. म्हणजे पाचास एक हे प्रमाण अडीचास एक होते, आणि पूर्ण वेगावर दोर मिनिटास एकशेसाठ मीटर धावतो. धावणाऱ्या माणसालाही तो आवरणार नाही. तीनशे किलोचा ओंडका त्या वेगाने येऊन बुंध्यावर आपटला तर पुढे काय होईल, हे सांगावयास नको.

मिस्त्री म्हणेल की इंजिन मंद ठेवावे. मंद ठेवता येते. पण माणूस नेहमी मंद ठेवीत नाही, आणि ज्याची सुरक्षितता चालविणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून आहे ते यंत्र पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. त्यापेक्षा जुन्या कारखान्यातील मोडीत निघालेली वर्म गिअरची पेटी शोधावी. चाळीसास एक असे प्रमाण असलेल्या पेटीतून दोर मिनिटास दहा मीटर येतो. साठ मीटरवरचा ओंडका सहा मिनिटांत हाताशी आला, तर ह्याहून घाई कोणास आहे? अशा पेटीचा दुसरा गुण असा की, इतक्या मोठ्या प्रमाणाची वर्म पेटी बहुधा उलटी फिरत नाही. क्लच दाबला की भार जेथल्या तेथे थांबतो. तथापि तेवढ्यावर विसंबून न राहता ड्रमवर पट्ट्याचा ब्रेक ठेवावाच. पेटी तापते, तेव्हा तिच्यातील तेलाकडे लक्ष असावे.

वेग असा आटोक्यात आला की दुसरे संकट उभे राहते. मंद गतीत तेच इंजिन प्रचंड ओढ निर्माण करते. पस्तीस अश्वशक्तीची चौथाई शक्तीही ह्या पेटीतून दोन टनांहून अधिक ओढ देईल. बारा मिलिमीटरचा सामान्य पोलादी तारदोर सात-आठ टनांना तुटतो. परंतु नवा असताना, सरळ असताना, कोठेही मुडपलेला नसताना. पाचपट सुरक्षितता धरली तर त्यावर दीड टनाहून अधिक ओढ येऊ देऊ नये. ओंडका खडकात अडकला, चालविणाऱ्याने रेस वाढविली, तर ह्या साखळीतील काही ना काही तुटणारच. काय तुटावे हे आधी ठरविले नसेल तर ते दोर ठरवितो. ताणलेला तारदोर तुटतो तेव्हा चाबकासारखा परत येतो आणि त्याच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाचा पाय किंवा मान पाहत नाही.

म्हणून पी.टी.ओ.च्या जोडावर मऊ पोलादाचा एक बारीक बोल्ट बसवावा, की जो ठरलेल्या ओढीस प्रथम तुटेल. दोन टनांचा लटकता वजनकाटा मध्ये बांधून, दोर एखाद्या जाड बुंध्याला अडकवून, सर्वांस दूर उभे करून, हळूहळू ताण देत तो बोल्ट किती ओढीस तुटतो हे एकदा पाहून घ्यावे. ड्रमवर दोराचे थर चढले की तीच पिळशक्ती कमी ओढ देते, आणि सर्वांत आतल्या थरावर सर्वांत अधिक ओढ येते. म्हणून ही परीक्षा ड्रमवर थोडेच वेढे उरले असताना करावी. चार-पाच वेढे मात्र कायम ड्रमवर राहिलेच पाहिजेत. नाहीतर सारा भार दोराच्या टोकाच्या खिळीवर येतो. बोल्ट तुटला म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. यंत्राने आपले काम केले. दुर्दैवाने अनुभव असा की, तिसऱ्यांदा बोल्ट तुटला की त्याच्या जागी कडक पोलादाचा जाड बोल्ट ठोकून दिला जातो, आणि मालक निर्धास्त होतो. घरातील फ्यूज वारंवार उडते म्हणून तेथे खिळा घालणाऱ्याच्या जातीचा हा शहाणपणा आहे.

ह्याहूनही जिवावरचा धोका दोराच्या उंचीत आहे, आणि त्याचा हिशेब प्रत्येक ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास तोंडपाठ असावा. अशा ट्रॅक्टरचे वजन अठराशे किलोच्या आसपास असते. त्यातले सुमारे सातशे किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १.९ मीटर धरले तर ट्रॅक्टरास मागे उलटू न देणारी शक्ती सातशे गुणिले १.९, म्हणजे १३३० किलो-मीटर झाली. आता दोर जमिनीपासून एक मीटर उंचीवर, म्हणजे आसाच्याही वर बसविलेल्या ड्रमवरून, निघत असेल आणि दीड टनाची ओढ आली, तर उलटविणारी शक्ती १५०० होते. पुढची चाके उचलली जातात. तोच दोर अर्ध्या मीटरच्या खालून निघाला तर ही शक्ती ७५० च्या आत राहते आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. ह्यात फसवी गोष्ट अशी की, चाके मोकळी असता ट्रॅक्टर उलटण्याआधी मागे घसरतो, म्हणून काही दिवस काहीच होत नाही. मग घसरण थांबविण्यासाठी कोणी चाकांमागे मोठा गोटा टेकवितो. घसरण थांबते आणि उलटणे शक्य होते. पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे पडावयास एखाद-दुसरा क्षण पुरतो. जुन्या ट्रॅक्टरावर चालकास वाचविणारा पोलादी सांगाडाही नसतो.

तेव्हा ड्रम कोठेही असो, दोर बाहेर पडण्याची कप्पी जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर असावी. विंचच्या चौकटीस खाली पोलादी फावड्यासारखी पाती असावी आणि ओढ सुरू करण्यापूर्वी ती जमिनीत रुतवावी. म्हणजे गोट्याचे काम ती करील आणि तेही दोराच्या रेषेतच. विंच ट्रॅक्टरच्या सांगाड्यास वेल्डिंगने कायम जोडू नये. नांगर जोडतो त्या तीन बिंदूंच्या जोडणीवर ती बसवावी आणि काम झाले की उतरवून ठेवावी. ह्याला कायद्याचेही कारण आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जे अवजार जोडता आणि सोडता येते ते अवजारच राहते.

कप्पीविषयी एक गोष्ट. भार जड वाटला तर इंजिनावर जोर न देता ओंडक्यास कप्पी बांधून दोराचे टोक परत ट्रॅक्टरकडच्या बुंध्याला अडकवावे. वेग निम्मा होतो व ओढ दुप्पट मिळते. तीच कप्पी बाजूच्या झाडास बांधून दोर वळविला तर ट्रॅक्टर ओंडक्याच्या वाटेतून दूर उभा करता येतो. मात्र दोर वळविणाऱ्या झाडावर ओढीच्या दुपटीपर्यंत भार येतो. तेव्हा पोकळ किंवा बारीक झाड निवडू नये, आणि सालीस जखम होऊ नये म्हणून साखळीऐवजी रुंद पट्टा वापरावा. ताणलेल्या दोराच्या कोनात कोणीही उभे राहू नये. खांद्यावरचा दुपट्टा व धोतराचा सोगा पी.टी.ओ.च्या फिरत्या दांड्यापाशी नेऊ नये. त्या दांड्यावर नळीचे आवरण हवे, हे तर सांगून सांगून जुने झाले, तरी बहुतेक दांडे उघडेच दिसतात.

आता पैशाचा भाग. ज्याच्या हाती ओढण्याचे साधन, त्याच्या हाती लाकडाचा भाव, हा ह्या भागातील जुना नियम आहे. नाल्यापलीकडे पडलेला साग मालकास बाहेर काढता येत नसेल, तर तो उभ्या झाडाच्या भावाने दुसऱ्याच्या पदरात जातो. आदिवासी खातेदारांची झाडे अल्प मोबदल्यात जात होती म्हणूनच अशा विक्रीव्यवहारांच्या फेरविचारासाठी १९६९ साली राज्यास स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा कागदावर रक्षण करतो. ओंडका रस्त्यावर आणून ठेवीत नाही. स्वतःच्या गावच्या विंचने जो शेतकरी आपला माल पांदणीपर्यंत आणू शकतो, तो भाव न पटल्यास थांबू शकतो. एवढी शक्ती त्याच्या हाती येणे हे ह्या यंत्राचे खरे मोल आहे.

अर्थात विंच म्हणजे तोडीचा परवाना नव्हे. स्वतःच्या शेतातील साग तोडण्यासही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी लागते आणि वाहतुकीस पास लागतो. वनहक्क अधिनियम, २००६ प्रमाणे सामूहिक हक्क मिळालेल्या गावांस बांबू हा गौण वनोपज म्हणून मिळतो. इमारती लाकूड त्यात मोडत नाही. राखीव जंगलात रात्री चालणारी विंच ही चोरीचेच साधन होय, आणि ती पकडली गेल्यास ट्रॅक्टरही जातो. ह्या भीतीने काही अधिकारी विंचचे नावच काढू देत नाहीत. पण कुऱ्हाडीने चोरी होते म्हणून कोणी कुऱ्हाड बंद केलेली नाही.

ह्यावर तोडगा मालकी सामाईक करणे हा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक पासांचे पुस्तक त्या गावाच्या हाती आले. पास देण्याचे काम जे गाव सांभाळू शकते, ते एका विंचची वही ठेवू शकणार नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. विंच ग्रामसभेची, जंगल कामगार सहकारी संस्थेची किंवा अवजारे बँकेची असावी. ट्रॅक्टर कोणाचाही असो. वहीत दिवस, जागा, झाडाच्या परवानगीचा क्रमांक आणि चालविणाऱ्याचे नाव लिहिले जावे. एकट्या मालकाची विंच वर्षातून वीस-पंचवीस दिवस फिरेल आणि उरलेले दिवस गंजेल. गावाची विंच अधिक फिरेल, आणि तिच्यावर चार डोळे अधिक राहतील. एकट्याच्या यंत्राचा बोल्ट गुपचूप बदलला जातो. चौघांच्या यंत्रात ते तितके सोपे नाही.

कृषी खात्याने व कृषी विज्ञान केंद्राने ह्यात काय करावे? सोनापूर येथील केंद्रास किंवा तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस गावोगावच्या मिस्त्र्यांचे दोन दिवसांचे वर्ग घेणे अवघड नाही. शेतकऱ्यांच्या मेळाव्यांस मिस्त्रीस कोणी बोलावीत नाही. वास्तविक ट्रॅक्टर, मळणी यंत्र, पंप, सारे शेवटी त्याच्याच हाताखालून जाते. दोराची उंची, ड्रमचा व्यास, तुटणारा बोल्ट आणि अडविलेल्या डिफरेन्शियलचा दुप्पट वेग, ह्या चार गोष्टी त्यास एकदा करून दाखविल्या तर तो त्या विसरणार नाही. कारण त्याच्या कामाची भाषा तीच आहे. छापील पत्रकाने हे होणार नाही, ह्या पत्रकानेही नाही. दोर ताणून, बोल्ट तोडून दाखविला पाहिजे.

लाकडाचे दिवस संपल्यावरही विंचला काम असते. बांधीत रुतलेला ट्रॅक्टर काढणे, वादळाने पाळीवर पडलेले झाड हटविणे, विहिरीतील पंप वर घेणे, नव्या जमिनीतील खोड उपटणे, ही कामे रोहिणीपासून रोवणीपर्यंत निघत राहतात. खोड उपटताना मात्र ओढ सर्वांत अधिक येते, तेव्हा आधी मुळे उघडी करून तोडावी आणि कप्पी लावल्याशिवाय हात घालू नये. पावसाळ्यापूर्वी दोर ड्रमवरून पूर्ण उलगडून कोरड्या फडक्याने पुसावा. एखाद्या वीतभर लांबीत अनेक तारा तुटलेल्या दिसल्या किंवा दोर मुडपून पीळ उसवला असला, तर तो ओढीच्या कामातून काढून कुंपणास वापरावा. बरा असल्यास तेलग्रीस लावून कोरड्या खोलीत खुंटीवर टांगावा आणि त्याच्याजवळ मऊ पोलादाचे दहा-बारा बोल्ट मोजून ठेवावेत.